‘अशुद्ध’ रक्त अशुद्ध नसतं: हृदय, रक्तवाहिन्या आणि रक्त नेमकं काय करतात

डाव्या हाताचा तळवा वर करा. उजव्या हाताची दोन बोटं अंगठ्याच्या मुळाखाली, मनगटावर हलकेच टेकवा. दाबू नका, नुसती टेकवा. थोडं इकडेतिकडे शोधल्यावर ठोका लागेल. निवांत बसलेल्या मोठ्या माणसाची नाडी साधारण मिनिटाला ६० ते १०० पडते.

आपल्याला वाटतं, हृदयाने आत्ता ढकललेलं रक्त आत्ता बोटाखालून गेलं. तसं होत नाही. बोटाला लागते ती दाबाची लाट. हृदय आकसलं की रक्त महाधमनीत घुसतं, तिची लवचीक भिंत ताणली जाते आणि तो ताण धमन्यांच्या भिंतींमधून सेकंदाला पाच-दहा मीटर वेगाने पुढे पळतो. मनगट गाठायला त्याला सेकंदाचा पाचवा हिस्साही लागत नाही. त्या ठोक्याचं रक्त तेव्हा अजून छातीतच असतं. पाण्याने भरलेली लांब रबरी नळी एका टोकाला दाबली की दुसऱ्या टोकाला हिसका लगेच बसतो, पण दाबलेल्या जागचं पाणी काही तिथवर पोचलेलं नसतं. हे तसंच आहे.

ठोका ऐकू येतो, हाताला लागतो, म्हणून या विषयात सगळं लक्ष हृदयाकडे जातं. मला मात्र वाटतं की हृदयापासून सुरुवात केली की हा विषय नुसता पाठ होतो. कळायचा असेल तर दुसऱ्या टोकाकडून यावं लागतं: जिथे ठोका जाणवत नाही, रक्त मुंगीपेक्षाही हळू सरकतं आणि ज्या जागेसाठी हा सारा खटाटोप आहे, तिथून.

केसाहून बारीक वाट

निश्चल पाण्यात शाईचा थेंब सोडला तर तो आपोआप पसरतो. ऑक्सिजनही शरीरातल्या पाण्यात असाच पसरतो, पण या पसरण्याला एक विचित्र नियम आहे. अंतर दुप्पट झालं की वेळ चौपट लागतो. अंतर दसपट, तर वेळ शंभरपट. मिलिमीटरच्या शंभराव्या भागाएवढं अंतर ऑक्सिजन डोळ्याचं पातं लवायच्या आत कापतो. एक सेंटिमीटर जायला त्याला काही तास लागतील आणि दहा सेंटिमीटरला कित्येक दिवस. इवल्याशा जंतूला हृदय लागत नाही ते यामुळेच. आपल्याएवढ्या देहाला मात्र प्रत्येक पेशीच्या अगदी दारापर्यंत रक्त नेऊन पोचवावं लागतं. शरीरातल्या बहुतेक पेशींपासून जवळची रक्तवाहिनी मिलिमीटरच्या दहाव्या भागाच्या आत असते. डोळ्याचा पारदर्शक पडदा आणि सांध्यांतली कूर्चा यांत रक्तवाहिन्या नसतात. कूर्चेची दुखापत भरून यायला इतकी अवघड का, त्याचं एक मोठं कारण हेच.

दारापर्यंत जाणाऱ्या या वाहिन्या म्हणजे केशवाहिन्या. नावात केस असला तरी त्या केसाहून कितीतरी बारीक असतात: व्यास पाच ते दहा मायक्रोमीटर, म्हणजे मिलिमीटरचा दोनशेवा ते शंभरावा भाग. भिंत एकाच पेशीच्या जाडीची. तांबड्या रक्तपेशीचा व्यास सात-आठ मायक्रोमीटर. म्हणजे बऱ्याच ठिकाणी वाट पेशीपेक्षा अरुंद! सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं की तांबड्या पेशी एकामागे एक रांगेत, कधी दुमडून, कधी छत्रीसारख्या वाकून, भिंतीला घासत पुढे सरकताना दिसतात. वेग सेकंदाला जेमतेम एक मिलिमीटर किंवा त्याहून कमी. केशवाहिनीची लांबीही साधारण तेवढीच. म्हणजे एका पेशीला मिळतात एक-दोन सेकंद, आणि तेवढ्यात ऑक्सिजन उतरतो, साखर उतरते, कार्बन डायऑक्साइड चढतो.

महाधमनीत वेगाने धावणारं रक्त इथे इतकं संथ का होतं? नदीचं पात्र एकाएकी रुंदावलं की पाणी संथ होतं, तसं. एकेक केशवाहिनी अतिबारीक, पण त्यांची संख्या अब्जावधी, त्यामुळे सगळ्यांची मिळून रुंदी महाधमनीच्या कित्येक पटींनी भरते. देवाणघेवाणीला लागणारा निवांतपणा त्यातूनच मिळतो.

तांबडी पेशी काय नेते आणि काय ठेवून घेते

मोठ्या माणसाच्या अंगात साधारण पाच लिटर रक्त असतं. त्यातला निम्म्याहून थोडा जास्त भाग म्हणजे रक्तद्रव, ज्याला आपण सर्रास प्लाझ्मा म्हणतो. तो फिकट पिवळसर असतो आणि त्यात नव्वद टक्क्यांच्या आसपास पाणी. उरलेल्यात जवळजवळ सगळ्या तांबड्या पेशी. पांढऱ्या पेशी आणि प्लेटलेट मिळून एक टक्काही भरत नाहीत.

तांबडी पेशी ही मला शरीरातली सर्वांत त्यागी पेशी वाटते. हाडांच्या मज्जेत तयार होताना ती स्वतःचं केंद्रक बाहेर टाकते. ऑक्सिजन वापरून ऊर्जा बनवणारी यंत्रणाही काढून टाकते. त्यामुळे आयुष्यभर ऑक्सिजन वाहूनही ती स्वतः त्यातला कणभर वापरत नाही. मोकळ्या झालेल्या जागेत हिमोग्लोबिन भरलेलं असतं, एका पेशीत त्याचे सुमारे २७ कोटी रेणू. प्रत्येक रेणूत लोहाचे चार अणू आणि प्रत्येक लोहाला ऑक्सिजनचा एक रेणू चिकटतो. अशी ही पेशी जवळपास १२० दिवस फिरते. पुढे प्लीहा आणि यकृतातल्या पेशी तिला गिळतात आणि तिच्यातलं लोह परत मज्जेकडे धाडतात. या कामासाठी मज्जा दर सेकंदाला वीस लाखांहून अधिक नव्या तांबड्या पेशी तयार करते.

हिमोग्लोबिनचं खरं कौशल्य पकडण्यात नाही, सोडण्यात आहे. नुसतं घट्ट पकडायला कार्बन मोनॉक्साइडलाही जमतं. तो हिमोग्लोबिनला ऑक्सिजनपेक्षा दोनशेपटींहून अधिक जोराने चिकटतो आणि म्हणूनच बंद खोलीतला धूर जीव घेतो. हिमोग्लोबिन ऑक्सिजनला योग्य जागी सोडतं. जो स्नायू कामात असतो तिथे कार्बन डायऑक्साइड जास्त, आम्लता जास्त, उष्णताही जास्त. या तिन्हींमुळे हिमोग्लोबिनची पकड सैल होते. म्हणजे ज्याला गरज जास्त, त्याच्या दारात माल जास्त उतरतो, आणि कुणी हुकूम द्यावा लागत नाही. कार्बन डायऑक्साइडचा हा परिणाम १९०४ मध्ये डेन्मार्कच्या क्रिस्तियान बोर यांनी दाखवला. अणूच्या रचनेसाठी प्रसिद्ध असलेले नील्स बोर हे त्यांचे चिरंजीव.

आता शाळेतल्या त्या दोन शब्दांकडे येतो. धमन्यांतून ‘शुद्ध’ रक्त जातं आणि शिरांतून ‘अशुद्ध’ रक्त परत येतं, असं आपण सगळे घोकून आलो. हे शब्द पुस्तकांतून जावेत असं मला मनापासून वाटतं, कारण ते चुकीचं चित्र डोक्यात बसवतात. विश्रांतीत असताना रक्त आपल्याजवळच्या ऑक्सिजनपैकी फक्त एक चतुर्थांश वाटून परत येतं. म्हणजे ‘अशुद्ध’ म्हटलेल्या रक्तात ऑक्सिजनचा पाऊण साठा शाबूत असतो. हा आकडा लक्षात ठेवा, शेवटी लागणार आहे.

आणि अशुद्ध म्हणजे काय? आतड्यांतून पचलेल्या अन्नाचं सत्त्व घेऊन यकृताकडे निघालेलं रक्त शिरेतूनच जातं. मूत्रपिंडातून गाळून बाहेर पडणारं रक्तही शिरेतूनच निघतं. त्यात युरिया सर्वांत कमी असतो. घाण नसणं म्हणजे शुद्ध असं मानलं, तर शरीरातलं सर्वांत शुद्ध रक्त ते, आणि आपण त्याला अशुद्ध म्हणतो! उलट हृदयाकडून फुप्फुसाकडे जाणाऱ्या धमनीत कमी ऑक्सिजनचं रक्त असतं, फुप्फुसाकडून येणाऱ्या शिरांत भरपूर ऑक्सिजनचं. म्हणून नियम साधा ठेवावा. हृदयापासून दूर नेते ती धमनी, हृदयाकडे आणते ती शीर.

रंगाचाही गैरसमज आहे. शिरेला मराठीत ‘नीला’ असंही नाव आहे आणि मनगटावर ती निळसर दिसतेही. पण आतलं रक्त गडद लालच असतं. त्वचेत शिरलेल्या उजेडातला कोणता रंग किती शोषला जातो आणि कोणता परत फिरतो, त्यावरून ते निळेपण दिसतं. तपासणीसाठी सुई टोचतात तेव्हा नळीत काय रंग उतरतो ते बघा. ते शिरेतलंच रक्त असतं.

परतीची वाट

केशवाहिन्यांतून बाहेर पडेपर्यंत रक्तातला दाब जवळजवळ संपलेला असतो. पायाच्या बोटांतून त्याला छातीपर्यंत वर चढायचं असतं. हृदयाचा धक्का एकटा पुरत नाही, म्हणून पायांच्या शिरांमध्ये थोड्या थोड्या अंतरावर झडपा आहेत, हृदयाकडे उघडणाऱ्या आणि उलट बंद होणाऱ्या. चालताना पोटरीचे स्नायू आवळले की शिरा पिळल्या जातात आणि रक्त एक झडप वर सरकतं. श्वास घेताना छातीतला दाब कमी होतो, त्याचीही ओढ मिळते. एकाच जागी ताटकळत उभं राहिलं की पोटरी थांबते, रक्त पायांत साठतं आणि माणूस घेरी येऊन पडतो. आडवा झाला की रक्त आपोआप डोक्याकडे येतं आणि बऱ्याचदा लगेच शुद्ध येते. त्याला उठवून बसवण्याची घाई करू नये ती यासाठीच.

या झडपा स्वतःच्या हातावर बघता येतात. हात खाली सोडा, हाताच्या पाठीवरच्या शिरा फुगू द्या. एका ठसठशीत शिरेवर एक बोट दाबून धरा. दुसऱ्या बोटाने तिथून मनगटाकडे शीर निपटत न्या आणि ते बोट उचला. झडप नीट असेल तर शीर तिथपर्यंत रिकामीच राहते. वरून रक्त मागे येत नाही. पहिलं बोट उचललं की खालून झर्रकन भरते.

इंग्लंडच्या विल्यम हार्वी यांनी हाच प्रयोग दंडाला पट्टी बांधून केला आणि १६२८ मध्ये छापला. त्याआधी दीड हजार वर्षं प्राचीन ग्रीक वैद्य गेलेन यांचं म्हणणं प्रमाण होतं: रक्त यकृतात तयार होतं आणि अवयवांत जिरून जातं. हार्वींनी साधा हिशेब मांडला. आजच्या आकड्यांत सांगायचं तर एका ठोक्याला सुमारे ७० मिलिलिटर, मिनिटाला ७० ठोके, म्हणजे तासाला जवळपास तीनशे लिटर. एवढं रक्त कोणतं यकृत दर तासाला नव्याने बनवणार? तेच रक्त फिरून येत असलं पाहिजे. पण धमनीतून शिरेत ते जातं कुठून, हे हार्वींना कधी दिसलं नाही. त्यांच्याकडे तसा सूक्ष्मदर्शक नव्हता. १६५७ मध्ये ते गेले आणि १६६१ मध्ये इटलीच्या मार्चेल्लो मालपीगी यांनी बेडकाच्या फुप्फुसात केशवाहिन्या पाहिल्या.

आता हृदय

हृदय म्हणजे एकमेकांना चिकटलेले दोन पंप, आकार साधारण आपल्या मुठीएवढा. उजवा पंप अंगातून आलेलं रक्त फुप्फुसांकडे पाठवतो, डावा पंप फुप्फुसांतून आलेलं रक्त सगळ्या अंगाला. प्रत्येकाला वर एक कप्पा, अलिंद, आणि खाली एक जाड भिंतीचा कप्पा, निलय. फुप्फुसं शेजारीच आहेत, तिथे जोर कमी लागतो. म्हणून डाव्या निलयाची भिंत उजव्याच्या सुमारे तिप्पट जाड असते. पण दोन्ही पंपांनी मिनिटाला सारखंच रक्त पुढे पाठवलं पाहिजे. डावा मागे पडला तर रक्त फुप्फुसांत तुंबतं आणि आडवं झाल्यावर धाप लागते. उजवा मागे पडला तर पावलांना सूज येते. डॉक्टर ज्याला ‘हार्ट फेल्युअर’ म्हणतात ते हे. नाव ऐकून हृदय बंद पडलं असं वाटतं, पण अर्थ एवढाच की पंप कमी पडतोय.

स्टेथोस्कोपमधून ऐकू येणारे ‘लब्’ आणि ‘डब्’ हे झडपा मिटण्याचे आवाज आहेत. निलय आकसले की अलिंदांकडच्या झडपा मिटतात, तो लब्. निलय सैलावले की धमन्यांच्या तोंडाशी असलेल्या झडपा मिटतात, तो डब्.

ठोक्याचा हुकूम मेंदूतून येत नाही. उजव्या अलिंदाच्या भिंतीत पेशींचा एक छोटा पुंजका आहे, तो स्वतःच ठरावीक वेळाने विजेचा स्पंद सोडतो. मेंदू फक्त वेग कमीजास्त करतो. म्हणूनच प्रत्यारोपण केलेलं हृदय नसा तोडलेल्या असूनही चालतं. तो स्पंद अलिंदांतून निलयांकडे जाताना वाटेत सुमारे सेकंदाचा दहावा भाग थबकतो, म्हणजे अलिंदांना आपलं रक्त खाली पूर्ण उतरवायला सवड मिळते. एवढ्याशा थांब्याविना दोन्ही कप्पे एकमेकांवर आकसले असते.

वरचा आकडा, खालचा आकडा

रक्तदाबाचे दोन आकडे सगळ्यांना माहीत असतात, ते कुठून येतात हे फार कमी जणांना. दंडाला पट्टा बांधून हवा भरली की खालची धमनी पूर्ण चेपली जाते, रक्त थांबतं, कोपराच्या आत ठेवलेल्या स्टेथोस्कोपमध्ये शांतता असते. हवा हळूहळू सोडली की एका क्षणी हृदयाचा जोर पट्ट्याच्या दाबाला जेमतेम हरवतो आणि पहिला ‘टक्’ येतो. तो वरचा आकडा, समजा १२०. पुढे प्रत्येक ठोक्याला धमनी उघडते, मिटते आणि आवाज येत राहतो. धमनी सतत उघडी राहू लागली की आवाज विरतो. तो खालचा आकडा, ८०. रशियाच्या निकोलाय कोरोत्कोव्ह यांनी ही रीत १९०५ मध्ये सांगितली. घरातली यंत्रं आवाज ऐकत नाहीत, पट्ट्यातली थरथर मोजतात.

पण खालचा आकडा शून्य का नसतो? दोन ठोक्यांच्या मधे तर हृदय काहीच ढकलत नाही. उत्तर धमनीच्या भिंतीत आहे. ठोक्याला ताणलेली महाधमनी मधल्या काळात आकसत जाते आणि साठवलेला जोर रक्ताला देते. वयाबरोबर ही भिंत ताठरते, म्हणून पुष्कळ ज्येष्ठांचा वरचा आकडा चढतो आणि खालचा तेवढा चढत नाही.

कुणाला किती रक्त द्यायचं हे ठरवतात धमन्यांच्या अगदी बारीक फांद्या, धमनिका. त्यांच्या भिंतीतले स्नायू नळाच्या तोटीसारखे आवळतात, सैलावतात. या तोटीत विलक्षण ताकद आहे: नळीची रुंदी निम्मी केली तर तेवढ्याच दाबाखाली प्रवाह निम्मा होत नाही, सोळावा हिस्सा उरतो. निवांत बसलेल्या माणसाच्या स्नायूंना एकूण रक्ताचा जवळपास पाचवा वाटा मिळतो. जीव तोडून धावताना चार पंचमांश. थंडीत बोटं गार पडतात, लाजल्यावर गाल लाल होतात, तीही याच तोट्यांची कामं.

रक्तदाब वाढला तरी बहुतेकांना काहीच जाणवत नाही. ‘मला तर काही त्रास नाही’ हे वाक्य मी फार वेळा ऐकलं आहे आणि प्रत्येक वेळी काळजी वाटते, कारण भिंतींची झीज त्रास न देताच चालू असते. मोजल्याशिवाय कळायचा दुसरा मार्ग नाही.

हृदयाचं स्वतःचं पोट

हृदयातून दिवसाला सुमारे सात हजार लिटर रक्त जातं, पण त्या वाहत्या रक्तातून हृदयाच्या जाड स्नायूला जवळजवळ काही मिळत नाही. भिंत जाड आहे आणि सुरुवातीला सांगितलेला अंतराचा नियम त्यालाही सुटत नाही. त्याला स्वतःच्या केशवाहिन्या लागतात. त्यांना रक्त पुरवतात महाधमनीच्या मुळाशी फुटणाऱ्या दोन हृदयधमन्या. आणखी एक पेच असा की डावा निलय आकसतो तेव्हा त्याच्या भिंतीतल्या वाहिन्याही चेपल्या जातात. म्हणून त्याला रक्त मुख्यतः दोन ठोक्यांच्या मधल्या सैल क्षणात मिळतं.

या धमन्यांच्या भिंतीत वर्षानुवर्षं चरबीचे थर साठतात. एखाद्या दिवशी अशा थरावरचं आवरण फाटतं. प्लेटलेट तिथे धावतात आणि जखम समजून गुठळी बांधतात. बोट कापल्यावर जे आपला जीव वाचवतं, नेमकं तेच इथे धमनी बुजवतं. पुढच्या स्नायूचा पुरवठा तुटतो आणि तो मरू लागतो. हा हृदयविकाराचा झटका. छातीवर दडपण, दंडात, जबड्यात किंवा पाठीत जाणारी कळ, दरदरून घाम, धाप. कधी यातलं थोडंच, विशेषतः स्त्रियांमध्ये आणि मधुमेह असलेल्यांमध्ये. पित्त असेल म्हणून वाट बघण्यात जी मिनिटं जातात, ती स्नायूची असतात. ताबडतोब रुग्णवाहिका बोलवावी.

झटका आणि हृदय बंद पडणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. झटक्यात हृदय चालू असतं, माणूस बोलत असतो. हृदय बंद पडतं तेव्हा बहुधा विजेची लय बिघडून निलय नुसते थरथरतात, रक्त पुढे जात नाही. माणूस काही सेकंदांत कोसळतो, हाक मारून ओ देत नाही, श्वास थांबतो किंवा नुसते आचके येतात. चार-पाच मिनिटांत मेंदूला इजा सुरू होते. अशा वेळी मदत बोलवून, छातीच्या मधोमध दोन्ही तळवे एकावर एक ठेवून, कोपर ताठ ठेवून दाबायचं: पाच ते सहा सेंटिमीटर खोल, मिनिटाला १०० ते १२० वेळा. प्रत्येक दाबानंतर छाती पूर्ण वर येऊ द्यायची, कारण हृदय भरतं ते त्याच वेळी. जवळ शॉक देणारं यंत्र असेल तर मागवायचं.

तोंडाने श्वास देता येत नाही म्हणून अनेक जण हातच लावत नाहीत. बुडालेल्या माणसाला आणि लहान मुलांना श्वासही द्यावा लागतो. पण मोठं माणूस अचानक कोसळलं असेल तर मदत येईपर्यंत नुसतं दाबत राहिलं तरी उपयोग होतो. त्याच्या फुप्फुसांत हवा आहे, धमन्यांतलं रक्त ऑक्सिजनने भरलेलं आहे आणि शिरांतल्या ज्या रक्ताला आपण अशुद्ध म्हणत आलो, त्यातही पाऊण साठा होताच. थांबला आहे तो फक्त प्रवाह, आणि तळव्यांच्या प्रत्येक दाबाबरोबर तेच रक्त मेंदूतल्या केशवाहिन्यांपर्यंत पोचत राहतं.